मोटार दमत नाही

जगभर गेलेल्या एका हातपंपाचं मूळ जालन्यात आहे, हे आपल्या मराठवाड्यातच फारसं कुणी सांगत नाही. साठच्या दशकात खेड्यांत बसवले जायचे ते हातपंप बिडाचे. परदेशातल्या एखाद्या कुटुंबाच्या अंगणासाठी बनलेल्या पंपांच्या त्या नकला होत्या. आपल्याकडे त्यावर अख्खं गाव तुटून पडायचं आणि बघता बघता दांडा तरी मोडायचा नाहीतर खीळ तरी झिजायची. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या कामातल्या लोकांनी मग पोलादी पंप घडवला, तो जालना पंप. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली. त्याच धाग्यावर सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि सरकारच्या प्रयत्नांतून 'इंडिया मार्क टू' तयार झाला आणि पुढे तो आफ्रिकेतल्या गावांपर्यंत पोचला. नवं तंत्र बाहेरून येतं आणि आपण ते फक्त सोसतो, असं कुणी म्हणालं की मला हा पंप आठवतो. आपल्याच मातीतल्या अडचणीतून आपल्याच भागात ते घडलं होतं.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. मारुतीच्या पारापलीकडे सिमेंटच्या गोल ओट्यावर हापसा होता, याच जातीचा. पहिले काही हेलकावे दांडा हलका यायचा, आत नुसती साखळी खडखडायची. मग एकाएकी हाताला वजन लागायचं. 'आलं' असं रांगेतलं कुणीतरी म्हणायचं आणि तोटीतून आधी फुस्स हवा, मग जाड थंड धार. आम्ही पोरं दांड्याला लोंबकळून अख्ख्या अंगानं तो खाली आणायचो. दोन घागरी आणि एक कळशी भरली की आई पदराला हात पुसत बाजूला व्हायची. मागं रांग असायची, आणि दंडही भरून आलेला असायचा. त्याआधी बायका विहिरीच्या पायऱ्या उतरून, तळाशी बसून वाटीनं पाणी भरायच्या. 1972च्या दुष्काळातल्या त्या गोष्टी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकल्यात की मीच त्या पायऱ्या उतरले होते असं वाटतं. हापसा आला तेव्हा बायकांनी त्याला हळदीकुंकू लावून नारळ फोडला होता. त्या पूजेत मला भाबडेपणा दिसत नाही. ज्या वस्तूनं जीव वाचतो तिला हात जोडणं यात वावगं काय आहे?

हापसा माणसाच्या दंडात जेवढं बळ, तेवढंच पाणी द्यायचा. आजोबांच्या काळात शेताला मोट होती, तिचंही तसंच. मोट विहिरीत बुडायची, बैल धावेवरून उतरत जायचे, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटानं वाफ्याकडे निघायचं. दुपारी बैल सोडावेच लागत. संध्याकाळपर्यंत विहिरीत पुन्हा हातभर पाणी चढलेलं असायचं. बैलांना विसावा मिळायचा तेव्हाच विहिरीलाही मिळायचा. मग इंजिन आलं. डिझेलला पैसे पडायचे, म्हणून तेही बेतानंच चालायचं. मग विजेची मोटार आली, ती भारनियमनानं थांबायची. लोक शिव्या घालायचे, पण थांबायची.

आता भावानं मोबाईल स्टार्टर बसवलाय. त्याबद्दल मला मनापासून आनंद आहे, हे आधी सांगते. आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस थ्री फेज लाईट रात्रीच येते. दोन वाजता उठायचं, बॅटरी घ्यायची, गुडघाभर ओल्या पिकातून स्टार्टरच्या पेटीपर्यंत जायचं. आमच्या भावकीतला एक तरणाताठा माणूस असाच रात्री पाणी द्यायला गेला आणि साप चावून गेला. मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावाला असा एखादा माणूस माहीत असतो. त्यामुळे भाऊ लातूरला लग्नाच्या मांडवात बसून फोनवरून मोटार चालू करतो तेव्हा मला त्या यंत्राचे उपकारच वाटतात. वहिनी रात्री झोपते.

पण त्या पेटीत एक ऑटोचं बटण आहे. ते दाबून ठेवलं की लाईट येईल तेव्हा मोटार आपोआप सुरू होते आणि लाईट जाईपर्यंत चालते. शेतात कुणी नसतं. वाफा भरून पाणी बांधावरून वाहतंय का, हे बघायला कुणी नसतं. पूर्वी रात्री उठून गेलेला माणूस कंटाळून, थंडीनं कुडकुडून, 'बास झालं' म्हणत मोटार बंद करायचा. त्या कंटाळ्यात शहाणपण होतं असं मी म्हणणार नाही, तो नुसता त्रास होता. पण पाणी वाचायचं ते त्या त्रासामुळेच. आता सौर पंप आलेत. दिवसा पाणी देता येतं, रात्रीचं जागरण नाही, विजेचं बिल नाही. फार चांगली गोष्ट आहे. फक्त, मोटार बंद करायला लावणारं जे शेवटचं कारण उरलं होतं, तेही त्यात गेलं.

बोअर पाडायची गाडी बहुतेक वेळा रात्रीच येते. तमिळनाडूत तिरुचेंगोडे नावाचं गाव आहे, तिथल्या गाड्या देशभर फिरतात. आमच्याकडच्या कितीतरी गाड्यांवर तीच पासिंग असते. आधी पाणाड्या येऊन गेलेला असतो, तळहातावरचा नारळ उभा राहिला ती जागा चुन्यानं खुणावलेली असते. मग कॉम्प्रेसर सुरू होतो. तो आवाज कानांनी ऐकायच्या आधी छातीत बसतो. हॅमर खाली जात राहतो, एकेक रॉड जोडला जातो आणि वर नुसती राखाडी भुकटी उडत असते. माणसं तोंडाला टॉवेल बांधून कडेनं उभी. मजूर मधूनमधून ती भुकटी मुठीत घेऊन दाबून बघतो. ओलसर लागली की सगळे एक पाऊल पुढं सरकतात. दोनशे फूट, तीनशे, पाचशे. फुटाचा दर खोलीबरोबर चढत जातो आणि मालकाचा चेहरा उतरत जातो. 'अजून एक रॉड' हे वाक्य मी ज्या सुरात ऐकलंय, त्या सुरात माणूस देवाला नवस बोलतो. आमच्या जिल्ह्यात आठशे-हजार फुटांपर्यंत बोअर गेलेत, आणि त्यातले कित्येक कोरडे.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक थंड होऊन बनलेला. वाळूसारखं त्याच्या पोटात पाणी भरून राहत नाही. वरच्या मुरमाड, कुजलेल्या थरात आणि मधल्या भेगांत काय साठेल तेवढंच, आणि ते दर पावसाळ्यात नव्यानं भरावं लागतं. खोल गेलं की जास्त पाणी मिळतं, हा समज गाळाच्या प्रदेशात कदाचित चालेल. आमच्या खडकात खोल बोअर बऱ्याचदा वरच्या थरातलं पाणीच खाली ओढून घेतो आणि शेजारची साधी विहीर आटते. म्हणजे भावाचा बोअर लागला तर ते पाणी नवीन असेलच असं नाही. चुलत्याच्या विहिरीतलंच ते दुसऱ्या वाटेनं आलेलं असू शकतं.

कायदा आहे. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा जास्त खोल विहिरींना खोल विहीर म्हटलं, आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी, उद्योगासाठी त्या खोदायला बंदी घातली. कायदा कागदावर येईपर्यंत आमच्या शिवारात किती भोकं पडून गेली होती, ते मोजायला बसलं तर दिवस जाईल. यंत्र ट्रकवर बसून एका रात्रीत येतं. त्याला आवर घालणारा विचार मात्र कुठून कुठून फिरून, समित्यांमधून, विधानसभेतून, तहसीलमधून पायी चालत येतो. मधली वर्षं आपण काढायची.

ती वर्षं कशी असतात ते लातूरनं 2016मध्ये बघितलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लावावं लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे शहरात आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. तीनशेहून जास्त किलोमीटरवरून. स्टेशनवर जमलेल्या गर्दीत टाळ्या वाजवणारेही होते. माझ्या मावशीनं ते पाणी प्यायलंय. तिला ती गाडी आजही देवदूतासारखी वाटते, आणि तिचं काही चुकत नाही. जी बुद्धी हजार फूट खाली जाऊन धरणीचं पोट रिकामं करते, तीच दुसरीकडून पाणी आणूनही देते. मला त्या दोन्हींचा हिशोब एकत्र लावता येत नाही. मी फक्त एवढं बघते की हापशाच्या जमान्यात शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं नव्हतं, आणि हेही बघते की हापशाच्या जमान्यात आईचा उजवा खांदा कायमचा गेला.

म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांची मला चीड येते. बहुतेक ते पुरुष असतात आणि बहुतेकांनी कधी डोक्यावर घागर वाहिलेली नसते. जात्यावरच्या ओव्या गोड आहेत, मलाही कितीतरी पाठ आहेत. पण पहाटे चारला उठून दळणाऱ्या बाईला पिठाची गिरणी आली तेव्हा काय वाटलं असेल, ते तिला विचारावं. काबाडकष्ट गेले पाहिजेत, आणि ते यंत्रानंच जाणार आहेत. माझं दुखणं वेगळं आहे. कष्टाबरोबर 'आता पुरे' म्हणणारं जे काही होतं तेही निघून गेलं, आणि त्याच्या जागी आपण दुसरं काही ठेवलं नाही.

हे फक्त पाण्याचं नाही. धाकटी बहीण बीड जिल्ह्यात दिलीय. तिला सातवा महिना असताना सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) खाली असल्याचं दिसलं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं, अंगावरून जायला लागलं तर एक मिनिट थांबायचं नाही. म्हणून गाडी, रक्त, अंबाजोगाईची सोय सगळं आधी ठरलं होतं. ज्या रात्री रक्तस्राव सुरू झाला त्या रात्री ती वाचली आणि बाळही वाचलं. आमच्या आजीच्या पिढीत अशा बाया बाळंतपणात गेल्या आणि 'तिचं तेवढंच होतं' असं म्हणून विषय संपला. आवाजाच्या लहरी आत सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उभं करणारं ते यंत्र नसतं तर मला आज बहीण नसती.

त्याच यंत्रानं त्याच जिल्ह्यात काय केलं, ते जनगणनेत लिहिलेलं आहे. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे 2001मध्ये 894 मुली होत्या, 2011मध्ये 807. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, साल 1988. केंद्राचा कायदा 1994चा. म्हणजे इथं आवर घालणारा विचार वेळेत आला होता, आणि तरी हे झालं. 2012मध्ये परळीच्या एका दवाखान्यातलं गर्भलिंग निदानाचं प्रकरण उघडकीस आलं ते एका बाईचा गर्भपातात जीव गेल्यावर. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी तेव्हाही सोनोग्राफी केंद्रांत लावलेली होती. आतमध्ये न बोलता एखाद्या खुणेनं काम भागायचं. यंत्र काहीच वावगं करत नव्हतं, ते फक्त जे आहे ते दाखवत होतं. पूर्वी त्या नऊ महिन्यांत काय आहे ते माहीतच नसायचं, आणि त्या न कळण्याच्या आडोशाला कितीतरी मुली जगात येऊन पोचल्या. तो आडोसा गेला. मुलगी नको ही भावना मात्र आधीपासून घरात होतीच, यंत्रानं तिला नुसते डोळे दिले.

माझी भाची 2011च्या जनगणनेत तीन वर्षांची होती. त्या 807मधली एक. आता तिला बारावीनंतर रेडिओलॉजीचं तंत्रज्ञान शिकायचंय. ऐकून मला आनंद झाला आणि पोटात काहीतरी हललंही. तिला ही आकडेवारी मीच सांगितली. ती म्हणाली, "मावशी, म्हणून तर त्या खोलीत पोरी पाहिजेत." यावर मला पुढं काही सुचलं नाही.

थांबू नये तिथं थांबणारी यंत्रंही असतात. गावातली एक म्हातारी, आम्ही तिला चुलती म्हणतो. आयुष्यभर खुरपं, कोयता, भांडी, सारवण. बोटांची टोकं दगडासारखी गुळगुळीत झालीत. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही. ती बोट पदराला पुसते, फुंकर घालते, पुन्हा ठेवते. मशीन 'नाही' म्हणतं. दुकानदार वैतागतो, मागची रांग कुरकुरते. फोनवर ओटीपी मागवायची सोय आहे, पण ज्या नंबरवर तो येतो तो फोन लेकाबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला. "मी हाय की हितं उभी, मला बघून देत न्हाईत व्हय?" असं ती विचारते. या मशीनमुळे पूर्वीचं खोट्या कार्डांवरचं धान्य उचलणं कमी झालं, हे मला मान्य आहे. लबाडाला अडवणं हे चांगलंच काम. पण ज्या बाईचे ठसे कामानं पुसले गेले, तिलाच ते ओळखत नाही, आणि तिला ओळखणाऱ्या सगळ्या माणसांचे हात मशीननं बांधून ठेवलेत.

त्याच चुलतीच्या घरी संध्याकाळी नातवंडांना भेटायला व्हिडिओ कॉल येतो. शेजारच्या पोराच्या फोनवर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघाल्या की चार-पाच महिने पोरांना आईबाप दिसायचे नाहीत. निरोप यायचा तोही मुकादमाकडून. आता कोपीतल्या बल्बच्या उजेडात आईचा चेहरा दिसतो. पोरगी वही फोनपुढं धरते, अक्षर बघ म्हणते. चुलती मात्र फोन कानाला लावते आणि पलीकडं सुनेला पडद्यावर नुसता कान दिसतो. पोरं ओरडतात, "आज्जे, लांब धर." फोनमुळे पोरं बिघडली म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं. अर्थात कॉल संपल्यावर तोच फोन त्या पोरांच्या हातात रात्री अकरापर्यंत राहतो, रील्स वर सरकत राहतात, आणि आजीच्या ओरडण्यात तेवढा जोर उरलेला नसतो. तिथंही तेच. पुस्तकाचं पान संपतं, गोष्ट सांगणारी आजी पेंगते, आणि हे काही संपत नाही.

ऊसतोडीचा हार्वेस्टर आलाय, सरकार त्याला अनुदान देतं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढणाऱ्या बाईच्या मणक्याचा विचार केला तर तो उद्याच सगळीकडे यावा. आणि तोडीआधीच आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेऊन बसलेल्या घराचा विचार केला तर येऊ नये असंच म्हणावं लागेल, निदान दुसरं काम गावात येईपर्यंत. या प्रश्नावर मला ठाम मत असणारे लोक भेटतात. त्यातल्या कुणाच्या घरी कोयता नसतो.

ऑटोच्या बटणाचं मात्र माझं मत ठाम झालंय. दम लागणं यंत्राच्या अंगात नसेल तर ते आपल्याला बाहेरून आणावं लागेल, आणि एकट्यानं आणून चालणार नाही. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारानं शेतीसाठी बोअर नको असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि पाण्याचा हिशोब मांडून पिकं घेतली. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावनं संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं. तिथल्या लोकांनी यंत्रं टाकून दिली नाहीत. केंद्राच्या अटल भूजल योजनेत लातूर, धाराशिव, जालना हे जिल्हे घेतले गेले. त्यातल्या गावांत पाण्याचा ताळेबंद भिंतींवर रंगवलेला मी बघितलाय, पाऊस किती, मुरला किती, उपसला किती. उपशाचा आकडा मुरलेल्यापेक्षा मोठा असतो आणि त्या भिंतीला टेकून माणसं नव्या बोअरच्या गप्पा मारत असतात. आकडा कळणं आणि हात आवरणं यांत एक ग्रामसभा लागते, ती होत नाही.

भावाशी यावरून माझा वाद झाला. त्याला दुसरा बोअर घ्यायचाय. तो मूर्ख नाही, ताळेबंद त्यालाही वाचता येतो. तो म्हणाला, "अक्का, तुजं समदं खरं हाय. पन मी थांबलो आन् बांधाशेजारचा न्हाई थांबला, तर माजं पानी त्याच्या उसाला जातंय. मग मी थांबून कुनाचं भलं केलं?" या प्रश्नाला माझ्याकडे घरगुती उत्तर नाही. एकट्या माणसाला 'संयम ठेव' असं सांगणं त्याच्यावर अन्यायच आहे. थांबायचं तर सगळ्यांनी एका दिवशी, एका मापानं थांबायला हवं, आणि कोण थांबलं नाही ते सगळ्यांना दिसायला हवं.

म्हणून गावातल्या बायकांनी आणि मी मिळून ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यावा म्हणून. मागण्या तीनच आहेत: दोनशे फुटांखाली नवा बोअर नको, ऑटोची बटणं काढून टाकायची, आणि प्रत्येक मोटार किती तास चालली ते दर आठवड्याला पंचायतीच्या फळ्यावर लिहायचं. तास मोजायला मोबाईल स्टार्टरच कामाला येतो, त्यात नोंद राहते. भावानं अजून सही केलेली नाही. वहिनीनं केली आहे.